आधीचं विमान उतरलं, मग आपलं का नाही?

वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त महिला वैमानिकाची उत्तरं, नागपूरहून

प्रश्न : कॅप्टन मॅडम, सप्रेम नमस्कार. मे महिन्यात भाचीच्या लग्नाला मी, बायको आणि सासूबाई पुण्याहून संध्याकाळच्या विमानाने नागपूरला निघालो. नागपूर जवळ आलं तशा खिडकीतून विजा दिसू लागल्या. विमानाने बऱ्याच घिरट्या घातल्या आणि मग कॅप्टनने सांगितलं की आपण हैदराबादला जातोय. घरी पोचेस्तोवर पहाट झाली, सीमांतपूजन हुकलं. माझा साडू मुंबईच्या विमानात होता, तो आमच्या दहाच मिनिटं आधी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरला. आम्ही वळल्यावर अर्ध्या तासाने आणखी एक विमान उतरल्याचंही कळलं. आमच्या विमानात लोक मोठमोठ्याने म्हणत होते, "पायलट नवा दिसतो, घाबरला." साडूचं म्हणणं, त्यांचा कॅप्टन खरा कसलेला. तुम्ही इतकी वर्षं विमान चालवलंत. दोघांत चुकलं कोणाचं?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : सीमांतपूजन हुकल्याचं मला वाईट वाटलं. पण तुमच्या कॅप्टनचं काही चुकलं, असं पत्रावरून मला दिसत नाही. साडूंच्या कॅप्टनचं चुकलं की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण पत्रात त्याच्या बाजूने एकच पुरावा आहे : विमान सुखरूप उतरलं. वैमानिकाचा निर्णय जोखायला याहून कच्चा पुरावा नाही. निर्णय चुकीचा असला तरी बहुतेक वेळा विमान नीट उतरतं. उतरतं म्हणूनच तो निर्णय पुढच्या वेळी पुन्हा घेतला जातो.

आधी आपल्याकडचं मे महिन्यातलं आभाळ समजून घ्या. दिवसभर ४५ अंशांत भाजलेली जमीन, वर चढणारी हवा, आणि त्यात थोडी ओल आली की दुपारनंतर ढग उभे राहायला लागतात. बघता बघता त्यांचे माथे ५०,००० फुटांपर्यंत जाऊ शकतात. प्रवासी जेट साधारण ३५,००० ते ४१,००० फुटांवर उडतं, म्हणजे अशा ढगावरून जायची सोय नसते, बाजूनेच जावं लागतं. त्यात आपल्याकडे या दिवसांत ढगाचा तळ उंच आणि खालची हवा कोरडी ठणठणीत. पाऊस जमिनीवर पोचायच्या आधीच वाटेत सुकतो, सुकताना हवा गार करतो, गार हवा जड होऊन सरळ खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. वर्धा रोडवर तुम्ही हे पाहिलं असेल. पावसाचा थेंब नाही आणि समोरून धुळीची भिंत येते, होर्डिंगची कापडं फाटतात, मोटारसायकलवाले दुकानांच्या आडोशाला पळतात.

हीच हवा उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत आली तर काय होतं? आधी ती समोरून लागते. वेग वाढतो, विमान वर उचलल्यासारखं होतं आणि वैमानिक साहजिकच इंजिनाची ताकद कमी करतो. लगेच ती वरून दाबते. त्याच्या पुढच्या क्षणी ती मागून येते, पंखांवरच्या हवेचा वेग एकदम पडतो, आणि तेव्हा जमीन दोन-तीनशे फुटांवर असते, इंजिनं मंद झालेली असतात. याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. त्याचा पसारा चार किलोमीटरच्या आत असतो आणि सगळा खेळ पाच ते पंधरा मिनिटांत आटोपतो.

आता साडूंची दहा मिनिटं आणि मागून आलेल्या विमानाचा अर्धा तास पुन्हा मोजा. साध्या वादळी ढगाचं आयुष्य अर्धा ते एक तास असतं. साडूंचं विमान आलं तेव्हा तो ढग धावपट्टीपासून लांब असेल. तुम्ही आलात तेव्हा तो नेमका वाटेवर असेल, आणि अर्ध्या तासाने ओसरला असेल. तिघांनी एका आभाळात तीन निर्णय घेतले असं आपल्याला खालून वाटतं. वैमानिकांच्या समोर तीन वेगळी आभाळं असू शकतात.

दुसरी गोष्ट इंधनाची. प्रत्येक विमान नागपूरपर्यंतचं इंधन, मग ठरवलेल्या पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्याच्याही वर हात न लावायचं अर्ध्या तासाचं इंधन घेऊन निघतं. त्याहून जास्त किती घ्यायचं हे कॅप्टन ठरवतो. एकाचा पर्यायी विमानतळ रायपूर असेल तर तो जास्त वेळ घिरट्या घालू शकतो. दुसऱ्याचा हैदराबाद असेल, किंवा रायपूरच्या बाजूलाही ढगांची रांग असेल, तर त्याला लवकर निघावं लागतं. तुमचा कॅप्टन काही काळ थांबला, ढग हटतो का ते पाहिलं, आणि हैदराबादला पोचून वर राखीव इंधन उरेल अशा वेळी वळला. मला तर ते व्यवस्थित काम वाटतं. उलट तो आणखी थांबला असता आणि मग नाइलाजाने ढगाखालून उतरला असता, तर तुम्ही सीमांतपूजनाला पोचला असतात आणि मी त्याच्यावर रागावले असते.

"आधीचं उतरलं" या वाक्याची मला जास्त काळजी वाटते, कारण ते प्रवासीच बोलतात असं नाही, कॉकपिटमध्येही बोललं जातं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या लिंकन लॅबोरेटरीने डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावरच्या विमानांचे मार्ग आणि वादळांची रडार चित्रं ताडून पाहिली होती. १९९९ सालचा तो अभ्यास सांगतो की पुढे दुसरं विमान गेलेलं असलं, आपल्याला पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झालेला असला, किंवा अंधार पडलेला असला, की वैमानिक वादळात शिरण्याची शक्यता वाढते. विमानतळ जवळ आला की तर आणखीच. ढगाच्या जोराशी यातल्या एकाही गोष्टीचा संबंध नाही.

आणि २४ जून १९७५ची न्यूयॉर्कची दुपार. केनेडी विमानतळावर वादळ आलेलं. एक मालवाहू विमान कसंबसं उतरलं आणि त्याच्या कॅप्टनने टॉवरला सांगितलं की धावपट्टी बदला, इथे वारा भयंकर आहे. त्याच्या मागून ईस्टर्न एअरलाइन्सचं ९०२ आलं. अडीचशे फुटांवर त्याचा वेग पडला, ते झपाट्याने खाली जाऊ लागलं. कॅप्टनने पूर्ण ताकद लावली आणि शंभर फुटांवरून विमान वर काढलं, जे झालं ते रेडिओवर जसंच्या तसं सांगितलं. मागून त्याच कंपनीचं फ्लाइट ६६ येत होतं. त्यांनी ते ऐकलं. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर कुणाचा तरी आवाज आहे, हे लोक स्वतःची बाजू तर सावरून घेत नाहीत ना, अशा अर्थाचा. मधल्या वेळात आणखी विमानं उतरलीही. फ्लाइट ६६ पुढे आलं, हवेने त्याला दाबलं, ते धावपट्टीच्या अलीकडच्या दिव्यांच्या मनोऱ्यांना धडकलं. ११३ माणसं गेली. याच अपघाताच्या अभ्यासातून टेड फुजिता या शास्त्रज्ञाने मायक्रोबर्स्ट ओळखला, म्हणजे त्या कॉकपिटमधल्यांना या धोक्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्यांना दोष द्यायची माझी इच्छा नाही. पण मागे फिरलेल्या माणसाबद्दलची ती एक शंका मला फार लागते. तुमच्या विमानातले लोक जे बोलत होते, ते त्याच शंकेच्या जातीचं होतं.

माझा नियम असा आहे, आणि निवृत्त झाल्यावरही मी तो सोडलेला नाही. दुसऱ्याचा निर्णय जोखायचा असेल तर तो कुठे पोचला हे आधी बाजूला ठेवायचं. निर्णयाच्या घडीला त्याला काय दिसत होतं, काय सांगितलं गेलं होतं, आणि फसलं तर बाहेर पडायला त्याने वाट राखली होती का, एवढंच विचारायचं. वाट राखणाऱ्याचा निर्णय मला पटत नसला तरी मी त्याचा मान ठेवते. वाट न राखता उतरलेल्याला मी हार घालणार नाही, मग विमान कितीही अलगद टेकलेलं असो.

साडूंच्या "कसलेला" या शब्दावरून एक आठवलं. नागपूरचे जुने लोक अजून रात्रीच्या टपाल विमानांबद्दल अभिमानाने सांगतात. १९४९ साली ती सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारी बाजूंनी विमानं मध्यरात्री आपल्या नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेआधी परत निघायची. ढग दाखवणारं रडार नसताना त्या वैमानिकांनी जे केलं त्यापुढे मी मान झुकवते. पण त्यांच्याजवळ जे नव्हतं ते आजच्या कॅप्टनजवळ आहे, आणि ते बघून तो वळला तर त्याला भित्रा म्हणणं हा त्या जुन्या माणसांचाही मान नव्हे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. भाचीला आशीर्वाद.

प्रश्न : मे २०२५ मध्ये दिल्ली–श्रीनगर विमान पठाणकोटजवळ गारांच्या वादळात सापडलं होतं. आमच्या भिशीच्या ग्रुपवर अर्ध्या जणी वैमानिकांना देवदूत म्हणत होत्या, अर्ध्या म्हणत होत्या की वादळात नेलंच कशाला. तुम्ही कोणत्या बाजूला?
— निवृत्त शिक्षिका, धरमपेठ

उत्तर : बाई, हा निर्णय एक नव्हता, अनेक होते, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. २१ मेला इंडिगोचं ते विमान ३६,००० फुटांवर होतं. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक नियामकाने, त्या वेळी काढलेल्या निवेदनानुसार, वैमानिकांनी डावीकडे, सरहद्दीच्या अंगाने वळायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मग पाकिस्तानातल्या लाहोरच्या हवाई नियंत्रण कक्षाशी संपर्क साधला, तिकडूनही नकार आला. परत फिरायचा विचार केला, तोवर ढग अगदी जवळ आला होता. आत शिरल्यावर गारा, प्रचंड हिसके, वेग आणि कोन दाखवणाऱ्या यंत्रणांत बिघाड, आणि एका टप्प्यावर विमान मिनिटाला ८,५०० फुटांच्या दराने खाली जात होतं. त्यांनी ते हाताने उडवत बाहेर काढलं आणि श्रीनगरला उतरवलं. नाकाचं आवरण फुटलं होतं, माणसं सगळी सुखरूप होती.

आत सापडल्यानंतरच्या कामाबद्दल माझ्या मनात शंका नाही. ढगात शिरल्यावर मागे वळायचं नसतं. वळताना विमानावरचा ताण वाढतो आणि वादळातला मुक्कामही. दिशा धरून जवळच्या वाटेने बाहेर पडायचं, हाच शिकवलेला मार्ग आहे आणि त्यांनी तोच धरला. यंत्रं दगा देत असताना हे करणं किती अवघड असतं ते खुर्चीत बसलेल्यालाच कळतं.

शिरण्याच्या आधीचा भाग वेगळा तपासायला हवा. ढग रडारवर पहिल्यांदा कधी दिसला, वळायची मागणी किती मैलांवरून केली, तेव्हा उजवीकडे वाट होती का? यांची उत्तरं विमानातल्या रेकॉर्डरमध्ये असतात, ग्रुपवर नसतात. त्या दिवसांत भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलेलं होतं, हेही विसरू नका. एरवी जी वाट सहज मिळते ती तेव्हा बंद होती. आंतरराष्ट्रीय नियमांतल्या अपघात-तपासणीच्या परिशिष्टात, म्हणजे ॲनेक्स १३ मध्ये, स्पष्ट लिहिलं आहे की तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही. भिशीतल्या दोन्ही पक्षांना एवढं सांगा.

प्रश्न : गारपिटीने आमच्या संत्र्याच्या बागेची माती केली. उडत्या विमानाला गारा लागतात का? ढगापासून लांब गेलं की बास ना?
— संत्रा बागायतदार, काटोल

उत्तर : लागतात, आणि विमानाचा स्वतःचा वेग मिळून जमिनीवरच्यापेक्षा फार जोराने लागतात. समोरची काच तडकते, नाकाचं आवरण फुटतं, इंजिनातही जातात. ढगाच्या माथ्याला ऐरणीसारखा जो पसरट भाग येतो, त्याच्याखाली मोकळ्या हवेतसुद्धा गारा फेकल्या जातात, ढगाच्या अंगापासून कित्येक मैल लांब. म्हणून ढग नुसता चुकवून चालत नाही, भरपूर अंतर ठेवावं लागतं, आणि वारा ढगाला जिकडे ढकलतो आहे त्या बाजूने शक्यतो जायचं नाही. बागेचा पंचनामा लवकर होवो.

प्रश्न : मॅडम, मी नागपूरचाच. एका विमान कंपनीत को-पायलट आहे, तुमच्या मुलाच्या वयाचा असेन. मागच्या आठवड्यात रात्री कॅप्टनसरांनी रडारच्या पडद्यावर लाल दिसणाऱ्या दोन जोरदार ढगांच्या मधून विमान काढलं. मधलं अंतर मला फार कमी वाटलं. मी बोललो नाही. थोडे हिसके बसले, बाकी काही झालं नाही. आता मनात सारखं येतं की सर चुकले, पण मी कोण त्यांना चूक ठरवणारा? त्यांची वर्षं माझ्या वयाएवढी.
— नाव छापू नये

उत्तर : नाव छापलेलं नाही. तू कोण असं विचारतोस, तर तू त्या विमानाचा दुसरा वैमानिक आहेस. त्यांचा निर्णय जोखणं हे तुझं कामच आहे, त्यासाठीच त्या खुर्चीवर माणूस बसवतात.

आधी अंतराचं बोलू. जोरदार लाल ढगापासून किमान २० मैल लांब राहा, असं एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं मार्गदर्शन सांगतं. दोन्ही बाजूंना असे ढग असतील तर मधली फट ४० मैलांची हवी, हे त्यातूनच निघतं. तुझ्या मनात जी कालवाकालव झाली ती बिनबुडाची नव्हती.

आता रडार. आपलं रडार पाण्याचे थेंब बघतं. कोरड्या गारा आणि बर्फाचे कण त्याला नीट दिसत नाहीत. टिल्ट, म्हणजे रडारच्या किरणाचा वर-खाली कोन, वर राहिला तर किरण ढगाच्या बर्फाळ माथ्यातून जातो आणि पडद्यावर नुसता फिकट हिरवा दिसतो. तोच टिल्ट खाली आणला की त्या हिरव्याच्या जागी लाल उमटतो. आणि सगळ्यात फसवं म्हणजे लालच्या मागचा काळा भाग. ती मोकळी जागा आहे असं वाटतं, पण पुढच्या दाट पावसाने किरणाची ताकदच खाऊन टाकलेली असते, मागचं काही परत येतच नाही. ४ एप्रिल १९७७ ला अमेरिकेत जॉर्जियामध्ये सदर्न एअरवेजचं डीसी-९ जातीचं विमान वादळातून वाट काढताना नेमकं सगळ्यात जोराच्या भागात शिरलं. पाऊस आणि गारांनी दोन्ही इंजिनं बंद पडली, विमान रस्त्यावर उतरवायचा प्रयत्न फसला. रडारवर टाकलेला भरवसा हे त्या अपघाताच्या कारणांत आलं. तेव्हा त्या रात्री तुमच्या पडद्यावर टिल्ट किती होता, रेंज किती होती, मधली जागा खरी मोकळी होती की काळी सावली होती, हे आठवून लिहून काढ.

मग सरांना भेट. क्रू रूममध्ये चारचौघांत नको. "सर, परवा ती फट घेताना तुम्ही काय बघत होतात?" असं विचार, आणि खरोखर उत्तर हवं असलेल्या माणसासारखं विचार. कदाचित त्यांनी डावा ढग ओसरताना पाहिला असेल, पुढच्या विमानाचा ताजा रिपोर्ट ऐकला असेल, टिल्ट खालीवर करून सावली नाही याची खात्री केली असेल. तसं असेल तर तू काहीतरी शिकशील. "काही होत नाही रे, नेहमी जातो आपण" असं उत्तर आलं, तर तुझ्या कंपनीच्या फ्लाइट सेफ्टी विभागाला स्वेच्छा-अहवाल दे. त्याला चुगली समजू नकोस. तो अहवाल माणसाबद्दल नसतो, त्या रात्रीबद्दल असतो, आणि तसाच लिही.

वर असताना बोलायचं कसं, हे तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. "सर, हे बरोबर वाटत नाही" एवढ्याने काम होत नाही, सरांना त्यावर करण्यासारखं काही मिळत नाही. आकडा आणि पर्याय दे : "सर, मधे बाराच मैल आहेत. उजवीकडून तीस मैल मोकळं दिसतंय, वीस डिग्री राइट मागू का?" आणि हे ऐंशी मैलांवर बोल. जेट मिनिटाला आठ मैल जातं, म्हणजे ऐंशी मैलांवर तुमच्याजवळ दहा मिनिटं असतात. वीस मैलांवर बोललास तर अडीच, त्यातली एक रेडिओवर आपली पाळी येण्यात जाते. उड्डाणाआधी ब्रीफिंगलाच विचारून टाक, "सर, आज वाटेत सीबी (वादळी ढग) आहेत, किती मैलांवर वळायचं ठरवू या?" बहुतेक कॅप्टन या प्रश्नावर खूश होतात. मी व्हायचे.

सरांशी बोलणं झालं की मला कळव. त्यांनी ती फट का घेतली हे मलाही ऐकायचं आहे, आणि त्यांची हरकत नसेल तर नाव न घेता ते पुढच्या अंकात छापू.